फॉर्म गेला

हौशी नाट्यस्पर्धेच्या प्रवेशिका भरायचा तो शेवटचा दिवस. पणजीत पाटोवरच्या आमच्या ऑफिसात दुपारी तीनपासून फोन सुरू झाले ते थांबेचनात. जो तो तेच सांगत होता. फॉर्म सगळा भरला, ‘सबमिट’ दाबलं आणि साइटने पुन्हा लॉगिनच्या पानावर आणून सोडलं. मागे जाऊन बघावं तर फॉर्म कोरा.

साइट मी बांधली होती. त्यामुळे प्रत्येक फोन माझ्याच टेबलावर.

बाहेरच्या वाचकाला एक फॉर्म परत भरण्यात एवढं काय, असं वाटेल. पण गोव्यात जत्रेला, कालोत्सवाला गावातलीच माणसं तोंडाला रंग लावतात. पात्रं, पडद्यामागचे, पेटी-तबलेवाले धरून एका मंडळाची वीस-बावीस नावं सहज होतात. प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता, भूमिका, सगळं मराठीत टाइप करायचं. आणि हे करणारा बहुतेक मंडळांत एकच माणूस असतो, साठीच्या पुढचा, एका बोटाने अक्षर शोधणारा.

वाळपईच्या पुढच्या एका गावातले गुरुजी असेच. शाळेतून निवृत्त झाल्यावर मंडळाचे सचिव, तालमीला प्रॉम्प्टरही तेच. पावणेसहाला त्यांचा फोन आला. ‘‘बाय, परत गेला गो फॉर्म. तिसरी खेप ही.’’ रागावले नव्हते, दमले होते.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, किती वाजता गेला ते आठवतंय का? ‘‘आठवायला कशाला पाहिजे? लिहून ठेवलंय,’’ म्हणाले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. तालमीची वही. स्पर्धेत नाटकाला वेळेची मर्यादा असते, म्हणून प्रत्येक अंक किती मिनिटं चालला ते गुरुजी रोज मांडून ठेवतात. त्याच पानावर, अंकांच्या वेळांखाली, निळ्या शाईत तीन ओळी होत्या:

‘२.५० सुरू. ३.४२ फॉर्म गेला.’
‘४.१२ सुरू. ४.४१ फॉर्म गेला.’
‘४.५० सुरू. ५.४४ फॉर्म गेला.’

दुसऱ्या खेपेला अवघी एकोणतीस मिनिटं लागली होती, तरी फॉर्म गेला. आणि इकडे सर्व्हरच्या नोंदींत मला दिसत होतं की दुसरं एक मंडळ ३.४६ला आत आलं आणि ४.३५ला, म्हणजे एकोणपन्नास मिनिटांनी, त्यांची प्रवेशिका बिनबोभाट जमा झाली. जास्त वेळ घेणारा पार आणि कमी वेळ घेणारा बाहेर? दुपारभर मी याच कोड्यात अडकले होते.

इथे थोडं आतलं सांगायला हवं. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नावाच्या ठरलेल्या रिवाजाने बोलतात, त्याला स्मरणशक्तीच नाही. तुम्ही मघाशी लॉगिन केलेलं माणूस आहात हे पुढच्या क्लिकला त्याला ठाऊक नसतं. म्हणून १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला मिळतो, कुकी म्हणजे तो बिल्ला. चपला ठेवलेला खण सर्व्हरवर असतो, त्याला म्हणायचं सेशन. साइट ज्या पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली आहे, तिच्यात हा खण म्हणजे सरळ एक छोटी फाइल असते. बिल्ला दाखवला की सर्व्हर तेवढ्या क्रमांकाची फाइल उघडतो आणि तुम्हाला ओळखतो. बिल्ला हातात आहे आणि खण रिकामा केला गेलाय, असं झालं तर तुम्ही अनोळखी.

खण कधी रिकामा करायचा याची मुदत पीएचपीसोबतच ठरून येते: १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटं. तेवढा वेळ सर्व्हरकडे काही आलं नाही की फाइल जुनी धरली जाते. आणि लांबलचक फॉर्म भरणारा माणूस कितीही मन लावून टाइप करत असो, ‘सबमिट’ दाबेपर्यंत सर्व्हरच्या लेखी तो झोपलेला असतो.

हे मला माहीत होतं. म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी मी कोडमध्ये मुदत वाढवून दोन तास केली होती, माझ्या लॅपटॉपवर तासभर फॉर्म उघडा ठेवून बघितलाही होता. मग आता काय?

मी गुरुजींच्या वहीकडे परत बघितलं. बेचाळीस. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. तास वेगळे, पण मिनिटं एकाच घरातली. बाजूच्या कागदावर बाकीच्या फोनच्या वेळा मी खरडल्या होत्या, त्यात ४.१३ आणि ५.१२ होते. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमचा सर्व्हर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा. उबुंटूवर आणि तिच्या जातकुळीतल्या डेबियनवर जुन्या सेशन फाइली पीएचपी स्वतः झाडत नाही, ते काम एक वेगळी सफाई करते. तिच्या टायमरची फाइल उघडली. दर तासाला ०९ आणि ३९व्या मिनिटाला.

सगळं जुळलं. ३.४६ला आलेलं मंडळ ४.०९च्या झाडूला तेवीस मिनिटांचं होतं, वाचलं, आणि पुढच्या झाडूच्या आत फॉर्म टाकून मोकळं झालं. गुरुजी ४.१२ला बसले, ४.३९ला सत्तावीस मिनिटांचे झाले, फाइल गेली. दोन मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं. आणि माझे कोडमधले दोन तास? ही सफाई कोड वाचतच नाही, ती फक्त पीएचपीची मुख्य सेटिंगची फाइल बघते. तिथे १४४० जसेच्या तसे होते. माझ्या लॅपटॉपवर हा झाडूच नव्हता.

तरी खात्रीसाठी ६.३९ची वाट पाहिली. सेशनच्या फोल्डरमध्ये फाइली मोजत बसले. दोनशे बारा. दोनशे बारा. मग एकदम सत्त्याण्णव. त्या पुसल्या गेलेल्यांत अर्धवट भरलेल्या फॉर्मसमोर बसलेली किती माणसं असतील, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

सेटिंग १४४०चं १४४०० केलं आणि सर्व्हिस रिलोड केली. ७.०९ला आकडा हलला नाही.

खरी दुरुस्ती पुढच्या आठवड्यात केली. कारण मुदतीपेक्षा मोठी चूक दुसरी होती, आणि ती सर्वस्वी माझी. गुरुजींनी ‘सबमिट’ दाबलं तेव्हा बावीस नावं आमच्या सर्व्हरपर्यंत पोचली होती. तिन्ही वेळा. माझा कोड आधी लॉगिन तपासायचा, ओळख पटली नाही की लॉगिनच्या पानाकडे वळवायचा, आणि सोबत आलेला सगळा मजकूर दारातच टाकून द्यायचा. आता दर मिनिटाला अर्धवट फॉर्म डेटाबेसमध्ये कच्चा म्हणून जपला जातो, आणि सेशन संपलंच तर तिथेच लॉगिनची चौकट उघडते, भरलेलं पान हलत नाही. ब्राउझरमध्येच साठवणं सोपं होतं. पण कितीतरी जण हे फॉर्म दुसऱ्याच्या दुकानातल्या कंप्युटरवर भरतात, आणि त्यात बालकलाकारांची नावं, वयं, पत्ते असतात. ते तिथे मागे राहू देणं मला पटलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र हातात फक्त तो एक बदललेला आकडा होता. गुरुजींना फोन लावला. चौथ्यांदा बसा म्हणायची लाज वाटत होती. ‘‘गुरुजी, चूक आमच्याकडची होती. आता जाणार नाही. भराल?’’

‘‘भरतो गो. दिवाबत्ती करून बसतो.’’

ऑफिस रिकामं झालं. ८.३९ गेले तरी मी घरी निघाले नाही. नऊला पाच मिनिटं असताना वहीचा आणखी एक फोटो आला. ‘७.५५ सुरू. ८.५२ फॉर्म गेला.’

माझ्या पोटात गोळा आला. घाईघाईने प्रवेशिकांचा तक्ता उघडला. सगळ्यात वर त्यांच्या मंडळाचं नाव होतं, वेळ ८.५२, खाली एकाखाली एक बावीस जण, आणि शेवटच्या ओळीत प्रॉम्प्टर म्हणून गुरुजी स्वतः.