सन व्हायझरचं कव्हर घरी बदलताना

गाडीत पुढच्या काचेवर ऊन अडवायला जी खाली ओढायची फळी असते, त्या व्हायझरचं कापड सुटून लोंबायला लागलं की बहुतेक जण कडेतून गोंद घालून ते दाबून बसवतात. काही दिवस बरं दिसतं, मग फुगा परत येतो. कापडाच्या पाठीला दोन-तीन मिलिमीटरचा फोमचा थर असतो, उन्हानं त्याचं पीठ झालेलं असतं, आणि नवा गोंद बिचारा त्या पिठाला चिकटतो. तेव्हा हे काम करायचं तर कापड पूर्ण उतरवूनच करावं. अर्धवट डागडुजीत वेळ जास्त जातो.

आधी आपला व्हायझर कुठल्या जातीचा आहे ते बघा. काहींच्या आत दाबलेल्या फोमचा एकसंध गाभा असतो आणि त्यावर कव्हर पिशवीसारखं चढवलेलं असतं. काही शिंपल्यासारखे उघडतात: प्लॅस्टिकचे दोन अर्धे भाग, कापडाच्या कडा आत दुमडलेल्या आणि दात्यांनी धरलेल्या. जुन्या गाड्यांत पुठ्ठा किंवा तारेची चौकट आणि त्यावर कडेनं उष्णतेनं सांधलेलं रेक्झिन सापडतं. यातलं रेक्झिन आक्रसून शिवणीपाशी फाटतं. ते चिकटवून जुळत नाही, बदलावंच लागतं.

व्हायझर उतरवणं सोपं. बिजागरीच्या बुडाशी प्लॅस्टिकचं टोपण असतं, त्याखाली दोन-तीन स्क्रू. बरेचदा टी-२० किंवा टी-२५ मापाचे, चांदणीच्या आकाराच्या खाचेचे (स्टार), कधी साधे प्लस. आरशाला दिवा असेल तर गाडी बंद करून कनेक्टर सोडवा आणि वायरचं टोक लगेच टेपनं छताला चिकटवा. ते आत घसरलं तर छताचं अस्तर उतरवायची वेळ येते. शेजारच्या खांबावरच्या आवरणाला मात्र हात लावू नका. कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उलगडणारी) असलेल्या गाडीत ती त्याच बाजूनं जाते. उतरवलेल्या व्हायझरवर टेप लावून ‘डावा’, ‘उजवा’ लिहा. दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, आणि टेबलावर ठेवल्यावर घोटाळा होतोच.

कापडाला हात लावण्याआधी व्हायझर ज्यावर फिरतो तो दांडा फिरवून बघा. व्हायझर आपोआप खाली ढळत असेल तर दोष आतल्या स्प्रिंगच्या पट्टीत असतो. पुष्कळ व्हायझरमध्ये दांड्याची एक बाजू सपाट असते, ही पट्टी तिच्यावर दाबून बसते, आणि सैल झाली की वजन पेलत नाही. कव्हर निघालेलं असतानाच पक्कडीनं ती थोडी आवळून घ्या. नंतर तिथे पोचण्यासाठी नवी शिवण उसवावी लागेल.

जुनं कव्हर फाडू नका, शिवण उसवून सोडवा, कारण तोच तुमचा नमुना आहे. शिंपल्याच्या जातीत दांड्याच्या विरुद्ध कडेपासून प्लॅस्टिकची पातळ पाती सरकवत उघडा. कडा वितळवून जोडलेल्या असतील तर जोर करू नका, भाग तडकतो. अशा वेळी पिशवीसारखं बाहेरून चढवण्याचा मार्ग धरा.

आता फोमचा भुगा. मास्क लावून नायलॉनच्या ताठ ब्रशनं कोरडाच खरवडा, मग ओलसर फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. काळ्या फडक्यावर पिवळी धूळ उठत असेल तर अजून काम बाकी आहे. कंटाळवाणा भाग आहे खरा, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

कापड छताला लावतात तेच घ्या: विणीचं, ताणणारं पॉलिएस्टर, पाठीला २ ते ३ मिलिमीटर फोम. बिनफोमचं पातळ कापड घेतलं तर गोंदाचे काळपट डाग वर उमटतात आणि गाभ्यावरचा प्रत्येक खड्डा दिसतो. रेक्झिन हवं असेल तर दोन्ही दिशांना ताणणारं. चकचकीत किंवा फार फिका रंग टाळा, काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं. पडद्याचं उरलेलं कापड वापरायचा मोह होतो, पण वाहनाच्या आतलं कापड ज्वलनाच्या चाचणीतून गेलेलं असावं. एफएमव्हीएसएस ३०२ या अमेरिकी वाहन-सुरक्षा मानकात जळण्याचा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरच्या आत लागतो. साधारण १३५ सेंटिमीटर पन्ह्याचं अर्धा मीटर कापड दोन व्हायझरना पुरतं.

नमुना कापडावर ठेवून सगळीकडून १५ ते २० मिलिमीटर जास्त ठेवा. फोमच्या गाभ्याच्या पिशवीत घडी मोकळ्या कडेला येऊ द्या आणि शिवण दांड्याच्या बाजूला. व्हायझर वर केलेला असताना बसलेल्याला मोकळी कड दिसते, शिवण काचेकडे जाते. जास्त ताणणारी दिशा लांबीच्या बाजूनं ठेवा आणि दोन्ही तुकडे एकाच दिशेनं कापा, नाहीतर डावा-उजवा वेगळ्या छटेचे वाटतात.

गोंदाच्या दर्जात कंजुषी नको, प्रमाणात मात्र हात आखडता. काचेजवळचे पृष्ठभाग कडक उन्हात ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतात, तेव्हा छताच्या कापडासाठी असलेला उष्णता सोसणारा स्प्रेच घ्या. साधा कॉन्टॅक्ट गोंद मऊ पडतो, ग्लू गनची कांडी तर कामाचीच नाही. गाभा थर्माकोलसारखा कुरकुरीत दाण्यांचा असेल तर स्प्रेमधलं द्रावक तो विरघळवतं. आरशामागच्या झाकल्या जाणाऱ्या जागी थेंब लावून दहा मिनिटं बघा; खड्डा पडला तर पाण्यावर आधारलेला गोंद वापरा. गाभा पॉलिप्रॉपिलिनचा लवचीक फोम असेल तर उलट अडचण, त्याला गोंद नीट धरतच नाही. तिथे कव्हर घट्ट शिवून ताणावर बसवायचं. गोंद फक्त ते सरकू नये म्हणून. प्लॅस्टिकचे अर्धे भाग १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून प्लॅस्टिकचा प्रायमर लावला की पकड सुधारते.

दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, मग दुसरा. बोट टेकवल्यावर चिकट लागावं पण तार येऊ नये. ओलं असतानाच कापड टेकवलं तर द्रावक फोममध्ये झिरपतं आणि जागोजागी खड्डे बसतात. मधून सुरुवात करून तळहातानं कडांकडे सरकवत न्या. फोम चेपेल इतकं दाबू नका.

गोल कोपऱ्यांवर दुमडीत ५-६ मिलिमीटर अंतरानं त्रिकोणी खाचा कापा, म्हणजे चुण्या पडत नाहीत. खाच कडेच्या २ मिलिमीटर अलीकडे थांबवा. दांड्यापाशी आणि मधल्या क्लिपच्या पिनेपाशी दुमडीचं जादा कापड छाटा, नाहीतर पिन क्लिपमध्ये बसत नाही. आरशासाठी भोक चौकटीपेक्षा सगळीकडून १० मिलिमीटर लहान ठेवा, कोपऱ्यांत तिरप्या चिरा देऊन कडा आत वळवा.

उघडी कड अर्धगोल सुईनं, जाड पॉलिएस्टर दोऱ्यानं शिवा. सुती दोरा उन्हात कुजतो. टाका ४-५ मिलिमीटरचा, एकदा या दुमडीच्या आतून, एकदा त्या. ओढला की दोरा दिसेनासा होतो. शिंपल्याच्या जातीत दुमड दात्यांवर बसवून भाग बंद करा आणि कडेला क्लॅम्प लावून २४ तास ठेवा.

बसवताना आधी वायर जोडा, मग स्क्रू. ते प्लॅस्टिकच्या बुडात जातात, हातानंच आवळा. एअरबॅगची सूचना जुन्या कव्हरवर छापलेली असेल तर तिचं लेबल मूळ जागी पुन्हा लावा. पहिला दिवसभर गाडी सावलीत, काचा थोड्या उघड्या ठेवून उभी करा. द्रावक पूर्ण उडायच्या आत ऊन लागलं तर कोपरे आधी सुटतात.