विमान बांधणारी टीम: वजनाची वही कोणाकडे?

दोन माणसांचं छोटं विमान बांधायला मंडळी जमली की पहिला शोध सुरू होतो एरोडायनॅमिक्सवाल्याचा. पुण्यात तो लगेच सापडतो. इंजिनिअरिंग कॉलेजं ढीगभर, सीएफडी (संगणकावर हवेच्या प्रवाहाचं गणित) चालवणारी पोरं त्याहून जास्त. पण पंखाचा छेद जुन्या, उडून सिद्ध झालेल्या छेदांतून निवडला तर तिथे फारसं अडत नाही. अडतं ते वजनापाशी. म्हणून वजनाची वही, म्हणजे प्रत्येक भागाच्या वजनाची नोंद, कोण सांभाळणार हे आधी ठरवा, आणि तो ‘हे बसणार नाही’ म्हणाला की चीफ डिझायनरनेही ऐकायचं, हेही तेव्हाच ठरवा.

लाइट स्पोर्ट म्हणजे छोट्या हलक्या विमानांसाठीच्या एएसटीएम एफ-२२४५ या मानकात कमाल वजन साधारण ६०० किलो धरतात. दोन माणसं कपड्या-बुटांसकट १८० किलो. ८० लिटर पेट्रोल म्हणजे ५८ किलो. सामान १२. उरले ३५०, आणि एवढ्यात रिकामं विमान बसवायचं. रोटॅक्स ९१२ यूएलएस हे इंजिन नुसतं ५७ किलोच्या आसपास भरतं, पण एक्झॉस्ट, रेडिएटर, ऑइल टँक, कूलंट आणि माउंट धरलं की आकडा ७५-८० वर जातो. ब्रोशरमधला आकडा वहीत लिहिणारी टीम इथेच वीस किलोने फसते.

वहीत प्रत्येक भागापुढे चार रकाने हवेत: अंदाज, कॅडमधलं (संगणकावरच्या आराखड्यातलं) वजन, काट्यावरचं वजन आणि फायरवॉलपासूनचं (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीपासूनचं) अंतर. काट्यावर चढल्याशिवाय एकही भाग विमानावर चढवू नये. कॅडला प्रायमर, रिव्हेट, सीलंट, वायरिंग दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या अंदाजावर आठ-दहा टक्के राखीव ठेवलेले बरे. अंतराचा रकाना का, तर गुरुत्वमध्यापासून चार मीटर मागे असलेल्या शेपटीवर तीन किलो रंग जास्त बसला की ६०० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य २० मिलिमीटर मागे सरकतो. १.३ मीटर कॉर्डच्या (पुढून मागे रुंदीच्या) पंखावर हे दीड टक्का झालं. गुरुत्वमध्याला पुढे-मागे सरकायला मिळणारी पूर्ण पट्टी बहुधा पंधरा टक्क्यांच्या आसपासच असते. शिवाय एलिव्हेटर-रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या हलत्या भागांचा, तोल रंगानंतर पुन्हा तपासावाच लागतो. मागची कडा जड राहिली तर फ्लटरचा, म्हणजे हवेत आपोआप वाढत जाणाऱ्या थरथरीचा, धोका, आणि फ्लटर सुरू झालं की सावरायला वेळ मिळत नाही.

दुसरा महत्त्वाचा माणूस कारखान्यात उभा राहणारा. भोसरी-चाकणचं जॉबवर्क हा पुण्याचा मोठा फायदा, पण तिथले हात गाडीच्या पत्र्याला सरावलेले आहेत. ०.८ मिलिमीटरचा २०२४-टी३ हा अॅल्युमिनियमचा पत्रा नेहमीच्या टोकदार डायवर वाकवला तर घडीवर बारीक चिरा पडतात. आतली त्रिज्या जाडीच्या किमान तिप्पट, म्हणजे अडीच मिलिमीटर हवी. स्क्राइबरने रेघ मारायची नाही, कारण चीर तिथूनच सुरू होते. शिसपेन्सिलही नको, ग्रॅफाइटमुळे अॅल्युमिनियम गंजतं. साधा मार्कर वापरावा. ‘एचई-३०’ म्हणून मिळणारा अॅल्युमिनियमचा माल टेस्ट सर्टिफिकेटशिवाय घेऊ नये, आणि सर्टिफिकेट असलं तरी त्याच लॉटमधून पट्टी कापून टेन्साइल (ताणून तोडण्याची) चाचणी करून घ्यावी.

रिव्हेटचं गणित टीममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. ३.२ मिलिमीटरचा रिव्हेट असेल तर कडेपासून ६.४, दोन रिव्हेटमध्ये किमान ९.६, आणि ठोकल्यावर मागचं डोकं ४.८ रुंद, १.६ उंच. डोकं तिरकं बसलं की नवखा आणखी दोन ठोके मारतो आणि पत्रा फुगवतो. त्यापेक्षा ड्रिल करून काढावा.

बोल्टच्या बाबतीत मात्र तडजोड नकोच. ‘साहेब, हा त्याच्यापेक्षा भारी आहे’ असं म्हणत गाडीचा १०.९ बोल्ट हातात ठेवला जातो. ताकद असेलही, पण त्याचे आटे बऱ्याचदा भोकाच्या आतपर्यंत येतात आणि शिअरचा (आडवा कातरणारा) भार आट्यांवर पडतो. विमानासाठीच्या एएन बोल्टची गुळगुळीत दांडी जोडाच्या जाडीप्रमाणे निवडतात ती यासाठीच. एएन-३ ला २.३ ते २.८ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, मनगटाच्या अंदाजाने कसला तर हमखास जास्त होतो.

आता पंखाची भार-चाचणी, म्हणजे पंखावर वाळूच्या पिशव्या रचून तो किती सोसतो ते पाहणं. मर्यादा भार (उड्डाणात धरलेला कमाल भार) ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट; त्याच्या दीडपट म्हणजे ६ जी. पंखांची जोडी ९० किलोची असेल तर ६ × (६०० − ९०) = ३०६० किलोचा भार लागतो. पंख उलटा बांधलेला असतो, त्यामुळे त्याचं स्वतःचं वजन त्याच दिशेला पडतं आणि वाळूचा भार उरतो २९७०. म्हणजे एका पंखावर २५ किलोच्या ५९-६० पिशव्या. मुळाशी जास्त, टोकाकडे कमी. पिशव्यांच्या राशी वेगळ्या ठेवा, एकमेकांत गुंतवू नका. पंख वाकला की गुंतलेल्या पिशव्यांची कमान होते आणि भार भलतीकडे जातो. दोन्ही पंख एकाच वेळी भरा. वाळू ओली असेल तर पिशव्या त्याच दिवशी पुन्हा तोला. पावसाळ्यात हे विसरलं तर आकड्याला काही अर्थ उरत नाही. ४ जीला भार काढल्यावर कायमचा वाक राहता कामा नये, ६ जीला तीन सेकंद तग धरायला हवा. खाली जॅक तयार हवेत, आणि पंखाखाली कोणी वाकून बघायचं नाही.

इंधनाकडे एकाने स्वतंत्रपणे बघावं. पंपावरचं पेट्रोल आता ई-२० आहे आणि रोटॅक्सची इथेनॉलची मर्यादा १० टक्के. एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) चालतं, पण त्यातल्या शिशामुळे ऑइल लवकर बदलावं लागतं. प्रवाहाची चाचणी नाक चढाईच्या कोनात वर करून, टाकीत तळाशीच इंधन ठेवून करायची. इंधन-पंप असलेल्या सिस्टिमला टेकऑफच्या खपाच्या १२५ टक्के हवे: तासाला २७ लिटर खप असेल तर ३४ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ५७० मिलिलिटर.

कामगिरीचे आकडे समुद्रसपाटीचे धरू नका. लोहगावची उंची ५९२ मीटर. एप्रिलात पारा ४० वर गेला की हवा सोळाशे मीटरवर असल्यासारखी विरळ होते. १०० अश्वशक्तीचं इंजिन तेव्हा ८३ च्या आसपास देतं आणि स्टॉलचा (ज्याखाली पंख विमान उचलू शकत नाही तो) खरा वेग आठ टक्क्यांनी वाढतो. धावपट्टीचा हिशेब यावर करायचा.

कागदपत्रांचा माणूस शेवटी नेमण्याची पद्धत आहे, ती महागात पडते. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी प्रयोगशाळेचं हंसा-३ विमान १९९३ मध्ये उडालं आणि डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाचं) प्रमाणपत्र २००० साली मिळालं. कॅप्टन अमोल यादव यांचं कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान लोकांनी २०१६ मध्ये मुंबईत बीकेसीत पाहिलं, व्हीटी-एनएमडी ही नोंदणी २०१७ ची. कोणता पत्रा कोणत्या लॉटचा, कोणता रिव्हेट कोणी ठोकला, हे काम चालू असतानाच लिहिलं जातं. नंतर आठवून लिहिलेलं तपासणीत टिकत नाही.

राहिली जोडणी. लोहगाव हवाई दलाचं, त्यामुळे पहिली उड्डाणं बहुधा बाहेरगावी होणार आणि पंख काढून ट्रेलरवर न्यावे लागणार. तेव्हा पंखाचे जोड पिनवर सुटणारे करा. हडपसरला ग्लायडिंग शिकलेलं कुणी टीममध्ये असलं तर फार बरं. ग्लायडर दर वेळी जोडावं लागत असल्याने कंट्रोल-चेकची सवय त्यांच्या अंगात असते. एकाने एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) हाताने घट्ट धरायचं, दुसऱ्याने कॉकपिटमध्ये स्टिक दोन्ही बाजूंना दाबायची. नुसतं हलताना दिसतं म्हणून जोडलेलं आहे असं धरायचं नाही. मग उजवीकडे स्टिक नेल्यावर उजवं एलरॉन वर जातं का ते पाहायचं, कारण केबल उलट्या लागल्याचे प्रकार अनुभवी वर्कशॉपमध्येही होतात. सही करणारा मात्र तिसरा हवा, ज्याने जोडणीला हात लावलेला नाही.