वळवाच्या डबक्यातली परी-कोळंबी : सोलापुरातून दुसऱ्या हंगामाची नोंद

परी-कोळंबी (फेअरी श्रिम्प) म्हणजे पावसाच्या डबक्यात वाढणारा, कोळंबीच्या नात्यातला छोटा प्राणी. ती घरी उबवायचा मागच्या वर्षीचा माझा पराभव जुन्या मंडळींना आठवत असेल. बोरामणीकडे मामांच्या शेताच्या कडेला मुरमाचा एक खड्डा आहे. त्याच्या तळाची वाळकी माती आणून आइसक्रीमच्या डब्यात भिजवली आणि आठवडाभर चिखलाकडे बघत बसलो. काहीच फुटलं नाही. चूक माझीच, मी बोअरचं पाणी घातलं होतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. या प्राण्यांच्या अंड्यांना पाऊस पडल्याची खूण लागते, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेलं पाणी. जोडीला उजेड आणि ऊब. (माती अभयारण्याबाहेरचीच घ्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही, चिमूटभर मातीसुद्धा.)

२६ मे. संध्याकाळी वळीव कोसळला. पहिली पंधरा मिनिटं पत्रा धुऊ दिला, मग बादली लावली. मागच्या वर्षीचीच माती, चार मुठी. पाणी चार बोटं. डबा पूर्वेच्या खिडकीत.

२८ मे. सकाळी भिंगातून पाहिलं तर ठिपके झटके देत पळतायत. नॉप्लियस, म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू! तीन जोड्या उपांगं आणि कपाळावर एकुलता डोळा. ४० पर्यंत मोजले, मग चुकलो. आई म्हणाली, "डासाच्या अळ्या पाळतोस होय रे घरात?" तिला डबा दाखवून फरक सांगितला. डासाच्या अळीला पाय नसतात आणि ती श्वासासाठी शेपटाकडची नळी वर काढून पृष्ठभागाला टांगून राहते. हे मात्र वर येतच नाहीत. "मग सुकटीची पिल्लं का?" हा अंदाज पहिल्यापेक्षा बरोबरच्या जवळ होता.

खाणं : बेकरीचं यीस्ट, सुईच्या टोकावर राहील एवढंच. ३० तारखेला जास्त पडलं, पाणी दुधाळ झालं, निम्मी गेली. दुसरी बादली भरून ठेवली होती म्हणून उरलेली वाचली.

५ जून. आता शेपूट दिसते, डोळे दांड्यांवर आलेत, आणि पोहणं उलटं, पोट वर. पायांच्या ११ जोड्या, लाट जाते तशा एकामागून एक हलतात. हेच पाय वल्ही, हेच गाळणी, श्वासही बराचसा यांच्यातूनच, म्हणून तर या गटाचं नाव ब्रँकिओपोडा, कल्ल्यांसारख्या पायांचे. रात्री दिवे घालवून डब्याखालून मोबाइलचा टॉर्च लावला. सगळ्या एका दमात पालथ्या झाल्या! उजेड जिकडे, पोट तिकडे. टॉर्च वर नेला की पुन्हा उताण्या. हा खेळ मी किती वेळा केला ते सांगत नाही.

८ जून. मृग लागला. त्याच सुमारास मामांकडे मृगाचे किडे निघाले, लाल मखमलीचे. भाच्याला म्हटलं, पाय मोज. आठ! म्हणजे नाव किडा असलं तरी तो कीटक नाही. तो माइट, कोळी-विंचवांच्या गोतातला. त्याच्या लहानपणी सहाच पाय असतात आणि तेव्हा तो टोळासारख्या कीटकांना चिकटून जगतो, त्यामुळे पाय मोजतानाही जपून.

यावरून एक आडवळण. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये बिनकण्याचे सगळे प्राणी 'कीटक' आणि 'कृमी' अशा दोनच पेट्यांत भरले होते. फ्रेंच निसर्गतज्ज्ञ लामार्कने पुढे त्यांची नीट विभागणी केली. पण 'अपृष्ठवंशी' हा शब्द मला अजूनही 'सोलापूरचे नसलेले सगळे' असा वाटतो. तारामासा नात्याने माझ्या डब्यातल्या कोळंबीपेक्षा मला जवळचा आहे. आणि आईचा तो डास विंचवापेक्षा या कोळंबीला जवळचा, कारण कीटक हे कवचधारींच्याच (कोळंबी-खेकड्यांच्या गटाच्या) वंशवृक्षावरची एक फांदी आहेत, असं आता जनुकांवरून दिसतं.

११ जून. नर ओळखू आले. डोक्यापुढे पिळलेले, टोकाला कात्रीसारखे मोठे शृंगक (मिशांसारखी उपांगं), मादीला धरायला. त्यावरून प्रजाती (जीनस) स्ट्रेप्टोसेफॅलस. त्यापुढची जात (स्पीशीज) सांगायला नराचा शृंगक सूक्ष्मदर्शकाखाली हवा, आणि मला तो मारायचा नाही. कोणाकडे चांगल्या फोटोची युक्ती असेल तर कळवा. माद्यांच्या पोटामागे अंड्यांची पिशवी दिसते.

१२ जून. २३ होत्या, सकाळी १४. तळाशी गाळात ढाल पांघरलेलं काहीतरी फिरत होतं. ट्रायऑप्स! परी-कोळंबीचाच नातलग, आणि बेपत्ता कोळंब्या त्यानेच खाल्लेल्या. दोन संयुक्त डोळे आणि मधला तिसरा, नाव त्यावरूनच. एवढे दिवस तो गाळात होता आणि मला पत्ता नाही. पायांच्या जोड्या मोजायला घेतल्या, ३० नंतर नाद सोडला. त्याला वेगळ्या डब्यात हलवलं, तोवर आणखी दोन गेल्या होत्या.

२१ जून. शेवटची मादी गेली. पाणी निवळून काढलं आणि गाळ चादरीच्या तुकड्यावर सावलीत पसरला. अंडी वाळली की वर्षानुवर्षं टिकतात, आणि एका पावसात सगळी फुटत नाहीत. पहिलं पाणी फसवं निघालं तर उरलेली कामी येतात. म्हणून निम्मा गाळ पुढच्या वर्षी भिजवणार, निम्मा कागदी पाकिटात तसाच ठेवणार. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय : 'आई, ही कुंडीची माती नाही.'