तुळईखालची भेग टाळायची असेल तर

नव्या घरात गिलाव्यावर तुळईच्या खालच्या कडेने सरळ आडवी भेग आली, की दोष सिमेंटला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा घाईत असतं. वीटकामातला माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) वाळताना आक्रसतो आणि भिंत थोडी बसते. ज्या तुळईवर ती उभी असते, तीही वजनाने किंचित वाकते. मग वर फट पडणारच.

म्हणून तुळईखालचा शेवटचा थर लगेच भरू देऊ नका. किमान ७ दिवस थांबा. वरच्या मजल्यांचं वीटकाम होईपर्यंत थांबता आलं तर फारच चांगलं. मग १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) घट्टसर माल आणि विटेचे तुकडे आतपर्यंत ठोकून बसवा. पहाड (परांची) पुन्हा बांधायला नको म्हणून गवंडी त्याच दिवशी थर भरून मोकळा होतो. तेव्हा हे काम दर ठरवतानाच बोलून घ्या.

कॉलमच्या कडेची उभी भेगही अशीच. वीटकामाआधी कॉलमला टाचे मारा, म्हणजे पृष्ठभाग खडबडीत करा. गिलाव्याआधी सांध्यावर १२ इंच रुंद चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना ६-६ इंच. जाळी ताणून, वॉशर घातलेल्या खिळ्यांनी पक्की करा. सैल जाळीमागे माल जात नाही. नंतर तिथे बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज येतो आणि तो गिलावा कधीतरी सुटतोच.

विटा भिजवून, पृष्ठभागावरचं पाणी निथळल्यावर लावा. कोरडी वीट मालातलं पाणी ओढते आणि सांधा भुसभुशीत राहतो. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) मात्र भिजवू नका, पाण्याचा हलका हात पुरे. ९ इंची भिंतीला १:६ माल, साडेचार इंचीला १:४. साडेचार इंची भिंतीत दर ३ फुटांवर सळई घातलेला ३ इंची काँक्रीटचा पट्टा हवाच. ‘सिमेंट जास्त म्हणजे भिंत मजबूत’ हा समज सोडा, जास्त सिमेंटचा माल जास्त आक्रसतो. दिवसात ४-५ फुटांपेक्षा उंच चढू नका. पाणी ७ दिवस मारा, एप्रिल-मेच्या उन्हात १०.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघत असेल तर लिंटेल (खिडकीवरची आडवी काँक्रीटची पट्टी) दोन्ही बाजूंना निदान ६ इंच भिंतीवर बसलंय का, ते आधी बघा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगल्याकडच्या काळ्या मातीत मात्र वरचं सगळं नीट करूनही भिंत फुटू शकते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया काळी माती ओलांडून घट्ट मुरमापर्यंत न्या, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची तुळई) सलग ठेवा, जोत्यात मुरूमच भरा. घराभोवती ३ फुटांची उताराची फरसबंदी करा आणि पन्हाळीचं पाणी पायाशी पडू देऊ नका.