दादांचे ट्रॅक : 1999 चा गुंता सुटला, आणि बेतही बदलला

मंडळी, टोक सापडलं! आपल्या भटक्या गटातले दादा गेले, त्यांच्या चालींचे जीपीएस ट्रॅक (चाललेल्या वाटेच्या नोंदी) मागे राहिले. गेले कित्येक आठवडे त्यांच्या फोल्डरमधल्या ज्या ट्रॅकनी छळलं, ते आता आपापल्या वर्षात जाऊन बसायला लागलेत.

अडचण तुम्हाला माहीतच आहे. दादांची दोन जीपीएस यंत्रं, दोन्हींतलं सगळं त्यांनी एकाच सॉफ्टवेअरमधून जीपीएक्स फाईली (ट्रॅक साठवायचा एक प्रकार) करून ठेवलेलं. कुठला ट्रॅक कुठल्या यंत्राचा, ही खूण त्यात पुसली गेली. आणि 1999-2000 या काळात चाली नको इतक्या दाटलेल्या. त्यातल्या काही खऱ्या तेव्हाच्या, बाकीच्या दुसऱ्या यंत्राने मागे ढकललेल्या.

जीपीएसचा जुना सिग्नल आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत पाठवतो. 1023 झाले की पुन्हा शून्य. असं 22 ऑगस्ट 1999 ला झालं आणि मग 7 एप्रिल 2019 ला. दुसऱ्या यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, जुनंच राहिलं होतं, त्यामुळे 2019 ची चाल त्याने 1999 ची म्हणून नोंदवली. जागा अचूक, तारीख 7168 दिवस मागे. वैताग असा की 7168 ला सातने पूर्ण भाग जातो. रविवारची चाल रविवारचीच राहते, म्हणजे वार ताडून काही कळत नाही. दादांच्या वहीतही वार आणि वाट आहे, वर्ष क्वचितच.

पहिली चाळणी सोपी निघाली. 2 मे 2000 पर्यंत अमेरिकी लष्कर नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून पाठवत असे, तीच ती सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी. त्या काळातला अस्सल ट्रॅक पायवाट सोडून शंभर मीटरपर्यंत भरकटतो. तेव्हा मे 2000 च्या आधीची तारीख असून रेघ वाटेवर नीट बसत असेल, तर तो ट्रॅक 2019 चा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये वाटांवर ट्रॅक टाकले आणि एका बैठकीत ते सगळे वेगळे झाले. फार समाधानाची संध्याकाळ होती ती.

अडलं ते मे 2000 च्या पुढे. तिथून खरे-खोटे दोन्ही सारखेच स्वच्छ. मी 28 मे 2000 चा एक ट्रॅक घेऊन बसले होते. खिंडीखालच्या वळणावर बिंदूंचा गोळा झालेला, थांबलेल्या यंत्राचा होतो तसा. डग्लस-पॉयकर (जादाचे बिंदू गाळून रेघ साधी करायची रीत) लावून तो सपाट करणारच होते, त्याआधी सहज आलेख काढला : किती वाजता निघालेल्या जागेपासून किती लांब. गोळ्यानंतर रेघ चक्क उलटी खाली उतरत होती, मग सावकाश परत वर. नकाशावर रेघेवर रेघ बसल्यामुळे हे दिसतच नव्हतं.

त्या वळणाखाली पाय मुरगळून बसलेली मी होते. दादा वळणावर वाट बघत थांबले, मग मला न्यायला खाली आले. मी पाऊल टाकेन तेवढंच तेही टाकत होते, आणि आलेखाची ती चढती रेघ तितकीच आडवी आहे. 2000 मध्ये मी आपल्या गटात नव्हतेच. 7168 दिवस मिळवले, 12 जानेवारी 2020 आली. रविवारच.

मग सगळे उरलेले ट्रॅक याच नजरेने पाहिले. जुने भिडू सांगतात, सुरुवातीला दादा कायम पुढे, लीडला. ते ट्रॅक सरळसोट पळतात. नंतरच्या वर्षांत त्यांनी पिछाडी घेतली, आणि ट्रॅकमध्ये जागोजागी गोळे आहेत : प्रत्येक चढाच्या माथ्यावर, प्रत्येक फाट्याला. बहुतेक ट्रॅक यावरूनच लागले. थोडे अजून अधांतरी आहेत, ते वहीशी ताडायचेत.

तारखा सरकवायला जीपीएसबेबल हे सॉफ्टवेअरच. दिसायला रुक्ष, पण सांगितलं तेवढंच करतं आणि बिंदूंना हात लावत नाही. फोनवरची बरीच अॅप ट्रॅक आत घेतानाच ‘सुधारून’ टाकतात, त्यांच्या वाटेला या कामासाठी जाऊ नका.

मूळ बेत सगळ्या रेघा सुबक करून एक मोठा नकाशा छापायचा होता. तो आता नको वाटतो. सुबक करताना आधी गोळेच जातात, आणि दादा तर त्या गोळ्यांतच आहेत. त्यापेक्षा रेघा फिक्या ठेवून थांबे ठळक करू : जितका वेळ थांबले, तितका मोठा ठिपका. हे लिहितानाच सुचतंय, की त्यांच्या स्मृतिदिनाची चालही खिंडीपर्यंत न नेता सगळ्यात मोठ्या ठिपक्यांवरून आखावी. लीडला कोण ते नंतर बघू, पिछाडी आधी ठरवा.

2019 नंतरचे तुमचे स्वतःचे ट्रॅक असतील तर पाठवा, दादांचे अधांतरी ट्रॅक त्यांच्याशी जुळवून बघता येतील. मात्र कच्चेच पाठवा, वेळेच्या नोंदींसकट.