जस्त-तांब्याचे 1.10 व्होल्ट येतात कुठून?

तांब्यातून इलेक्ट्रॉन काढणं जड, जस्तातून सोपं, म्हणून डॅनियल सेल (जस्त आणि तांब्याच्या पट्ट्या आपापल्या सल्फेटच्या द्रावणात, मध्ये सच्छिद्र दुवा) 1.10 व्होल्ट देतो. तोंडी परीक्षेत हे उत्तर खपतं, पण आकडे मांडले की टिकत नाही.

धातू द्रावणात उतरतो तो असा: आधी स्फटिकातून अणू सुटा, मग दोन इलेक्ट्रॉन बाहेर, मग आयनाभोवती पाणी. एका मोलला जस्तासाठी पहिल्या दोन पायऱ्यांना 131 आणि 2640 किलोज्यूल लागतात, पाणी 2046 परत देतं. निव्वळ खर्च 725. तांब्याचे 338 आणि 2703, परत 2100, खर्च 941. आयनीभवनातला 63 चा फरक पाण्याने 54 ने फेडलाच. उरला पहिल्या पायरीचा 207! म्हणजे मुद्दा इलेक्ट्रॉनचा नाहीच. तांब्याचे अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेत, एवढाच. 941 आणि 725 मधल्या 216 च्या फरकातून एन्ट्रॉपीचे (अव्यवस्थेतल्या बदलाचे) 6 वजा करा, दोन फॅरडेने (फॅरडे म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार) भागा: 1.09 व्होल्ट.

आता मांडणी. 100 मिली द्रावणात 2.50 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), दुसऱ्यात 2.88 ग्रॅम झिंक सल्फेट, दोन्ही 0.1 मोलर (लिटरला 0.1 मोल). जस्ताची पट्टी नसेल तर टॉर्चच्या जुन्या सेलचं कवच चालतं (बडोद्यात दुकानात 'जसत' म्हणा, लगेच कळतं). पॉलिश पेपरने घासा, धुवा. मल्टिमीटर 2 व्होल्टच्या रेंजवर. 20 वर मिलीव्होल्ट दिसणारच नाहीत. जस्त काळं पडलं तर तांब्याचं द्रावण तिकडे झिरपलंय. पट्टी पुन्हा घासा, द्रावण बदला.

खरी गंमत मोरचूद शंभरपट पातळ केल्यावर. नर्न्स्टच्या सूत्राप्रमाणे (संहती बदलली की व्होल्टेज किती बदलतं ते सांगणारं) 25 अंशांना 59 मिलीव्होल्ट उतरायला हवेत. एप्रिलमध्ये इथली प्रयोगशाळा 38 वर असते, तेव्हा 62. मीटरवर मात्र चाळीसच्या आसपास उतरतात, आणि मुलं बिचारी वहीत 59 लिहून मोकळी होतात. दोष मीटरचा नाही. 0.1 मोलरला तांब्याचा सक्रियता गुणांक (संहतीचा किती भाग खरोखर परिणाम करतो तो आकडा) जेमतेम 0.16, तर 0.001 ला 0.74, परिणामकारक संहती शंभरपट नव्हे, वीस-बावीसपटच घटते. गुणांक जागेवर ठेवायचा तर सल्फेट सोडून कॉपर नायट्रेट घ्या, आणि पातळ करायला साधं पाणी नको, 1 मोलर पोटॅशियम नायट्रेट वापरा, म्हणजे 100 मिलीत 10.1 ग्रॅम. मूळ द्रावणही त्यातच करायचं; हे हमखास विसरलं जातं.