खड्डे बघायला

पुण्याहून लोणारला गाडीनं जायचं आणि जाता जाता निघोजला थांबायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा आई शेंगा सोलत होती. "तिथे आहे काय?" तिनं विचारलं. म्हटलं, निघोजला नदीच्या पात्रात खड्डे आहेत आणि लोणारला एकच, पण मोठा खड्डा आहे. हात न थांबवता ती म्हणाली, "आणि मधे?"

बायको हसली. मधे काय असतं ते महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तरी निघालो. जानेवारीतली पहाट, मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा. शिरूरहून आत वळल्यावर एकाला विचारलं, रांजणखळगे कुठे? तो नुसताच बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, "कुंडावर जायचंय होय? सरळ जावा." रांजणखळगे हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द. आम्ही तो दोन मार्कांसाठी पाठ केला होता. तिथल्या माणसांचं ते कुंडच.

कुंडाजवळ पोचेपर्यंत काहीसुद्धा दिसत नाही. सपाट माळ, मळगंगेचं देऊळ, नारळाची दुकानं, आणि मग एकदम जमीन चिरत गेलेली. खाली कुकडी. नाणेघाटाजवळ कुकडेश्वराला उगम पावणारी, एरवी उसाला पाणी देणारी साधी नदी. इथे मात्र तिनं काळ्या कातळाची पार चाळण करून टाकली आहे. काही खळगे वाटीएवढे, काहींत माणूस उभा मावेल. दोन रांजण वाढता वाढता एकमेकांना भिडले आणि मधली भिंत फुटली, असंही दिसतं. एकाच्या काठावर बसून आत हात घातला. बेसॉल्टसारखा दगड, पण आतून माठासारखा गुळगुळीत, आणि सकाळचा गारवा अजून धरून ठेवलेला. तळाशी हिरवं पाणी, त्यात झेंडूची एक माळ, गुटख्याची पुडी आणि लाडवासारखे चार गोल गोटे.

कारागीर तेच. पुरात वाहत आलेला गोटा खोबणीत अडकतो, भोवऱ्यात गरगरत राहतो, खोबण कोरतो आणि स्वतःही झिजतो. तो संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. मी हे जरा रंगवून सांगत होतो तर आई म्हणाली, "म्हणजे उखळ." तिच्या माहेरच्या ओसरीतलं उखळ असंच कांडून कांडून खोल गेलं होतं म्हणे. तिनं खाली वाकून एका उथळ खळग्यातला गोटा उचलला, तळहातावर फिरवून बघितला. मला वाटलं, आता हा पिशवीत जाणार आणि तुळशीपाशी बसणार. पण तिनं तो परत आत सोडला. "राहू दे. काम अर्धं राहिलं असेल त्याचं."

मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. दुसऱ्या दिवशी समृद्धी महामार्ग न धरता जुन्याच रस्त्यानं गेलो, कारण गाडी चालवायची हौस माझी होती. जालना मागे पडलं, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या वाड्यासमोर आईनं हात जोडले, आणि तिथून पुढे बाभळीच्या सावलीतला एक खड्डा मला सावलीच वाटला.

धाड.

पंक्चरवाला सुदैवानं जवळ होता. त्यानं चाक पाण्याच्या टपात फिरवलं. बुडबुडे एका जागी येईनात, सगळ्या काठानं यायला लागले. "पंक्चर नाही सायेब, रिम वाकलं." मग घण घेऊन तो रिम ठोकत बसला. दर दोन ठोक्यांनंतर बोट फिरवून बघायचा, अगदी कुंभार मडक्यावरून फिरवतो तसं. कुठे निघालात, त्यानं विचारलं. लोणार म्हटल्यावर म्हणाला, "लग्न झाल्यावर गेलतो एकदा, कमळजेच्या दर्शनाला. तसं तिथं काय, खड्डाच हाय." आई मागे वळून माझ्याकडे बघत होती.

सुलतानपूरहून वळून लोणारला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा काही सुचत नाही, हे खरं. १.८ किलोमीटर व्यासाची, सुमारे १५० मीटर खोल वाटी. तिच्या उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट, न हलणारं पाणी. पुराणात हे लवणासुराचं बीळ. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. शास्त्रज्ञ बराच काळ याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. पुढे इथल्या दगडांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. प्रचंड धक्क्याशिवाय खनिजाची अशी काच होत नाही. १९७३ साली हे उल्काविवर असल्याचा हा पुरावा मांडला गेला. बेसॉल्टमध्ये पडलेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारेही इथे येतात. निघोजला जे काम हजारो पावसाळे चाललं, ते इथे डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकलं.

"कधी पडली ती उल्का?" आईनं विचारलं. आता आली पंचाईत. आधीच्या मोजणीत वय आलं होतं सुमारे ५२ हजार वर्षं. नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं तर आलं ५ लाख ७० हजार. मी दोन्ही आकडे सांगितले.

"एवढा फरक?"

"हो."

"मग शाळेत घालताना लावली असेल."

आईची स्वतःची जन्मतारीख १ जून. तिच्या दोन्ही भावांचीही १ जून. गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघितलं, वर्ष अंदाजानं धरलं आणि तारीख घातली. त्या तारखेवर तिचं आधार कार्ड निघालं, पेन्शन चालू झाली. खरी तारीख आषाढातली, एवढंच आजीला आठवायचं, कारण तेव्हा ओढ्याला पूर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारेवर गेलो. विवराच्या काठावर गोड पाण्याची ही धार पडते आणि खाली सरोवर मात्र खारं. आई पायऱ्यांवरच बसली, आम्ही दोघं खाली उतरलो. लंगूर, मोर, बाभळी, पडकी देवळं, आणि जसजसं पाणी जवळ येतं तसतसा कुजक्या अंड्याचा वास. पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. आत ओहोळ येतात पण बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. उन्हाळ्यात क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यात तगणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं होतं. वर आल्यावर आईला क्षारांची गोष्ट सांगितली. सोडा म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "पापडखारच की मग." तिच्यापुरतं लोणार तिथे संपलं. उरलेला वेळ ती धारेवर आंघोळीला आलेल्या बायकांशी बोलत बसली.

येताना मी सावलीला सावली न समजता चालवत होतो. ती बाभूळ आली. आमच्या खड्ड्यात कुणीतरी काट्यांची फांदी खोचून ठेवली होती, वर लाल चिंधी.

"हळू ने," आई म्हणाली. मग मान वळवून बघत राहिली. "कधीचा असेल रे हा?"

"असेल गेल्या पावसाळ्यातला."

"नक्की माहीत नाही ना? घाल मग १ जून."